बादलचं रडणं

बादल राठोडला रडता येत नाही, हे धम्मरत्न सरांनी सगळ्या मंडळीसमोर सांगितलं. तेही इतक्या शांतपणे, की दोन मुस्कटात ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बादलला वाटलं.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एक बंद पडलेलं गोदाम आहे. आठवडाभर तिथं घुशी नांदतात आणि रविवारी सरांची नाटकमंडळी. मंडळीत झाडून सगळे पुरुष. राजा पुरुष, राण्या पुरुष आणि राजाच्या तिन्ही पोरीही पुरुषच. आता कुणी नाक मुरडेल, की आजच्या काळात हे कसलं खूळ? सरांकडं उत्तर तयार असायचं. ज्या इंग्रज नाटककाराची नाटकं ही मंडळी वऱ्हाडीत करते, त्याच्या वेळी, चारशे वर्षांपूर्वी, तिकडंही बायकांची कामं पुरुषच करत. आणि इकडं केळापूरला सरांचे आजोबा उकंडाबुवा दंडारीत, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या खेळात, जन्मभर राणी झाले. "तिकडं तसं, इकडंही तसं. मग आपणच कायले लाजायचं?" सर आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवायचे. ठिणग्यांची सवय असलेल्या माणसाशी वाद घालायला फारसं कुणी जात नसे.

आणि यंदा तर कमालच झाली होती. कुठल्याशा परदेशी महोत्सवाच्या लोकांनी या मंडळीचं नाटक मोबाइलवर पाहिलं आणि थेट बोलावणं धाडलं. पोलंड, रुमानिया आणि शेवटी खुद्द इंग्लंड! सरकी ढेपेच्या कारखान्यात पोती शिवणारा बादल, ऑटो चालवणारा सुनील आणि बाकीची सगळी वरात उन्हाळ्यात विमानात बसणार म्हटल्यावर लोहाऱ्याच्या चहाटपरीवर दुसरा विषयच उरला नाही.

नाटक साधं होतं. म्हातारा राजा थोरल्या दोन पोरींच्या गोड बोलण्याला भुलून राज्य वाटून टाकतो. धाकटी खरं बोलते म्हणून तिला हाकलून देतो. निघताना ती बापाच्या गळ्यात पडून रडते आणि बाप तोंड फिरवतो. राजा व्हायचे सर. धाकटी व्हायचा बादल. सगळं नाटक त्या रडण्यावर उभं आहे, असं सरांचं म्हणणं.

"तू रडत नाहीस बादल, ओरडतोस," सर म्हणाले. "इथल्या लोकांना शब्द तरी कळतात. तिकडं शब्द कुणालाच कळणार नाहीत. तिकडं नुसतं रडणं पोचेल. तुझं माझ्यापर्यंतच पोचून नाही राह्यलं, अन् तू तर माझ्या गळ्यात असतोस."

बादल डोक्यावरची ओढणी काढू लागला.

"संक्रांतीपर्यंत पाहू. नाही जमलं तर धाकटी रोशन करेल. तू पहारेकरी हो. विमानात तू आहेसच."

रोशन कॉलेजात शिकणारा, सडपातळ, गळ्याचा गोड. तो बिचारा कानकोंडा झाला. "मले नाही पाहिजे दादा तुमचा रोल," तो म्हणाला. पण डोळे खाली घालून म्हणाला, आणि बादलला ते दिसलं.

पहारेकरी! हातात भाला घेऊन दाराशी उभं राहायचं! अहो, बादलनं या कामासाठी काय काय ऐकून घेतलं होतं. चाळिशी उलटली तरी मिशी ठेवली नाही. कारखान्यात लोकं त्याला 'राणीसाहेब' म्हणून हाका मारायची, तेही निमूट सोसलं. आणि बापाचं तर विचारूच नका. बादलचा बाप हरिसिंग उमरखेडकडच्या तांड्यात राहतो. बादल तरणा असताना होळीच्या लेंगीत, त्या नाचगाण्यात, त्यानं पहिल्यांदा फेटिया घातला, म्हणजे आपल्या बंजारा बायकांचा तो भिंगाचा घागरा. तांडा टाळ्या पिटत होता, आणि हरिसिंग म्हणाला, "माह्या घरातून पोरगी एकच निघाली. दुसरी मले नाही पाहिजे." त्यानंतर बादलच्या नाटकाबद्दल बापानं एक अक्षर काढलं नाही. एवढं सोसून मिळवलेलं काम बादल असंतसं सोडणार नव्हता. येत नाही ना रडता? मग शिकायचं. माणूस वेल्डिंग शिकतो, रडणं नाही शिकणार?

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तो गावाबाहेर शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसला आणि त्यानं मोकळ्या आवाजात सुरू केलं. वाटेनं कापूस वेचून येणाऱ्या बाया थबकल्या. एकीनं विचारलं, "काहून व, म्हैस अडली काय कोनाची?" आणि सगळ्या जणी पदर तोंडाला लावून हसत निघून गेल्या.

घरी बबितानं, म्हणजे बादलच्या बायकोनं, ही हकिगत ऐकली आणि तीही पोट धरून हसली. बबिताचा एक न्याय होता. नवऱ्याच्या फेटियाला भिंगं तीच लावायची, काचळीची, म्हणजे चोळीची, शिवण तीच घालायची, पण नाटक पाहायला म्हणून कधी गेली नव्हती. "माह्या कपड्यात माह्यापेक्षा साजरा दिसते माहा नवरा. ते काय पाहाले जावं?" असं ती म्हणायची. पण आज हसणं आवरल्यावर तिनं सुईदोरा खाली ठेवला.

"असं धुऱ्यावर बसून येते काय रडणं?" ती म्हणाली. "जमनीबाईकडं जा ना. साऱ्या पोरी तिच्याकडूनच शिकतात."

जमनी बादलची थोरली बहीण. बादल तिला नुसतं 'बाई' म्हणतो. गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात. तांड्यातली माणसं आपसात गोरबोलीतच बोलतात, पण ती सगळ्यांना कळायची नाही म्हणून मी आपलं वऱ्हाडीत सांगतोय. तर जमनी दिली होती महागावकडच्या तांड्यात, आणि तिकडच्या पाचपंचवीस तांड्यांत तिचं नाव होतं ते ढावल्यासाठी. बंजाऱ्यांची नवरी सासरी निघताना रडत गाते, तो ढावलो. बापाच्या गळ्यात पडून, आईच्या गळ्यात पडून, भावाच्या, मैत्रिणीच्या, एकेकाला धरून ती आपलं मन सुरात मोकळं करते. हे आपोआप येत नाही. लग्न ठरलं की जाणत्या बाया नवरीला ओढणीखाली घेऊन बसतात आणि शिकवतात. पुरुषांनी तिकडं फिरकायचं नाही.

रविवारी तालमीला दांडी मारून बादलनं आर्णीमार्गे जाणारी एसटी धरली. जमनी शेतात कापूस वेचत होती. ओटी भरलेली, हात चालूच. बादलनं सगळं सांगितलं. तिनं एकही बोंड न सोडता ऐकून घेतलं.

"नाई," ती म्हणाली.

"बाई, ऐकून तं घे."

"ऐकलं. बिनकामाचा ढावलो म्हनू नये. अपशकुन असते." मग ती थांबली आणि कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं पाहू लागली. "तुमच्या मंडळीत बाई हाय काय एखादी?"

"नाई."

"मंग आमचं रडनं कायले पायजे? आमाले नेत नाई, आमचं रडनं तेवढं नेता?"

बादल एवढंच म्हणाला, "पुढल्या रविवारी येतो." आणि तिच्या शेजारच्या ओळीत शिरून वेचायला लागला.

पुढल्या रविवारी गेला. त्याच्या पुढल्याही. जमनी 'नाई' म्हणायची, हा वेचायचा. बोंडांच्या अणकुचीदार टरफलांनी बोटं सोलून निघाली. त्याची ओटी भरेपर्यंत बायांच्या दोन भरायच्या आणि त्या खिदळायच्या. एकीनं तर जमनीला विचारलं, "तुह्या भावाले बायको घरात घेत नाई काय व?" बादल हसायचा आणि पुढच्या झाडाला हात घालायचा. त्याला एक कळून चुकलं होतं. बहिणीला बोलून पटवता येणार नाही, ती आपल्याच मनानं वळली तर वळेल. तोवर इथून हलायचं नाही.

शेवटी एका दुपारी बांधावर भाकर खाताना जमनीच म्हणाली, "शिकवतो. पन एक हाय."

"बोल."

"गोऱ्या लोकायच्या आधी आपल्या तांड्यात खेळ करायचा. बापूच्या अंगनापुढं. भर दुपारी. बाया समोर बसतीन. बाया उठून गेल्या तं ढावलो तिथंच ठेवून जायचा. नेयाचा नाई."

बादलच्या हातातला घास हातातच राहिला. आपल्या तांड्यात! बापापुढं! दिवसाढवळ्या फेटिया घालून! इंग्लंडच्या राजापुढं उभा कर म्हटलं असतं तरी त्याला एवढी धडकी भरली नसती.

"दुसऱ्या कोन्या तांड्यात केला तं?" त्यानं विचारून पाहिलं.

"मंग शीक धुऱ्यावर बसून," जमनी म्हणाली आणि पाण्याचा गडवा तोंडाला लावला. बबितानं म्हशीची गोष्ट फोनवर कळवली होती तर!

"बरं," बादल म्हणाला. "आपल्या तांड्यात. बापूपुढं."

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. जमनीच्या घराच्या मागल्या पडवीत ती त्याला ओढणीखाली घेऊन बसायची. पहिल्याच दिवशी तिनं त्याची चूक पकडली.

"तू रडते कोनापाशी?"

"राजापाशी. बापापाशी."

"तोंड तं लोकायकडं असते तुह्यं. लोकायले दाखवून राह्यला तू. मानसाच्या गळ्यात पडलं की लोकं दिसत नसतात." तिनं त्याचे दोन्ही हात ओढून आपल्या गळ्यात घातले. "अन् एक कडवं झालं की थांबायचं. ज्याच्या गळ्यात पडलो, त्याले बोलू द्याचं. आपन रडतो, मंग तो रडते. रडनं एकट्याचं नसते, बादल्या. उत्तराची जागा सोडाव लागते."

"अन् उत्तर आलंच नाई तं?"

"तरी सोडायची."

शब्द तिनं आयते दिले नाहीत. ढावल्याचा सूर ठरलेला, पण बोल जिचे तिनं जुळवायचे, कारण प्रत्येकीचं घर वेगळं. राजाच्या पोरीला काय काय सुटणार, ते तूच शोध, म्हणाली. बादल बसमध्ये, पोती शिवताना, जेवताना बोल जुळवत राहिला. एकदा त्यानं सहज विचारलं, "बाई, तू तुह्या लग्नात काय म्हनलं होतं?"

जमनी ओढणीच्या काठाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "म्या म्हनलाच नाई."

"म्हंजे?"

"सामूहिक लग्न होतं ना माह्यं. इत्त्या जोड्या, मोठा मांडव. म्या सारी तयारी केलती. आजीनं शिकवलं होतं. बापूच्या गळ्यात हात घातला, तोंड उघडलं, अन् भोंगा सुरू झाला. पाहुने आले, जोड्यायनं पुढं यावं, लवकर करा. बापू म्हने, चाल चाल, उशीर होते. त्यायनं हात काढला माहा. जीपमंदी बसवलं अन् झालं."

बादलला तो मांडव आठवला. तो तेव्हा पोरगा होता आणि बँडपुढं नाचत होता. बहीण न रडता गेली, हे त्याला आजवर ठाऊकच नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्या तांड्यांच्या पोरींना रडायला शिकवणारी ही बाई स्वतः मुकीच सासरी आली होती!

"आता तुह्यं म्हन," जमनी म्हणाली. "पुन्यांदा. पयल्यापासून."

संक्रांतीच्या अलीकडच्या रविवारी मंडळी टेम्पोत सामान घालून तांड्यावर आली. सरांना ही कल्पना आधी मुळीच पसंत नव्हती. मग म्हणाले, ठीक आहे, हीच तुझी परीक्षा. तांड्याचे नायक शंकरसिंग यांनी देवळापुढचं पटांगण दिलं. पटांगणाला लागूनच हरिसिंगचं घर आणि घरापुढं त्याची बाज. म्हातारा त्या बाजेवर बसला होता, पण पटांगणाकडं पाठ करून. उठून गेला नाही, एवढंच.

बाया पुढं बसल्या. ओढण्या ओढून, गुडघ्याला गुडघा लावून, परीक्षेला बसवल्यासारख्या गंभीर. मधोमध जमनी. तिच्या शेजारी बबिता, जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं नाटक पाहायला आलेली. पुरुष आणि पोट्टे मागं उभे. बादल फेटिया घालून पुढं आला तशी मागून शिट्टी वाजली. कुणीतरी ओरडलं, "हरिसिंगची दुसरी पोरगी पाहा रे!" मोठा हशा पिकला. बाजेवरची पाठ हलली नाही.

पण बादलनं ठरवलं होतं, की काय व्हायचं ते इथं होऊ दे, मी माझं पुरं करूनच इथून हलीन.

राजानं राज्य वाटलं. थोरल्या दोघी, म्हणजे सुनील आणि रोशन, गोडगोड बोलल्या. धाकटी खरं बोलली. राजा भडकला, म्हणाला, चालती हो. आणि बादलनं लोकांकडं पाठ फिरवून राजाच्या गळ्यात हात घातले.

"बापू रे, तुह्या उंबऱ्याले मी रोज सारवलं, आज तो उंबरा मले ओळखत नाई. बापू रे, तुह्या नावानं मले हाका मारत होते, आता मले कोन्या नावानं हाक मारतीन?"

सूर वर गेला, हेलकावा घेऊन खाली आला आणि बादल थांबला. राजानं ठरल्याप्रमाणं तोंड फिरवलं. बादल थांबूनच राहिला. उत्तराची जागा. मागं कुणीतरी खोकलं. एक पोट्टा फिदीफिदी हसायला लागला आणि त्याला कुणाची तरी चापट बसली. बादलनं दुसरं कडवं घेतलं. पुन्हा थांबला. राजाच्या वेशातल्या सरांनी दबक्या आवाजात म्हटलं, "पुढं चाल." बादल चालला नाही.

बायांमधून आवाज आला.

बादलला वाटलं, जमनी आपल्याला उत्तर देते आहे. पण ती उठली होती. ओढणी पुढं ओढून ती बायांच्या ओळीतून वाट काढत निघाली. बादलकडं नाही, राजाकडंही नाही. ती सरळ बाजेकडं गेली. तिनं हरिसिंगच्या गळ्यात हात टाकले आणि तिचा ढावलो पटांगणभर झाला.

"बापू रे, तुह्या बैलाले मी पानी दाखवत होती, जाताना त्याच्यावर हात फिरवायचा राह्यला. बापू रे, तुह्या चुलीत मी इस्तो झाकून ठेवला, तो इझला का पेटला, मले कोनी सांगतलं नाई. बापू रे, तुह्या दारातून मी मुकी गेली, मुकी गेली रे बापू..."

ती थांबली. तिनंही जागा सोडली.

म्हाताऱ्याचा हात तिच्या मनगटावर आला. आता हा पुन्हा हात काढणार, असं बादलला वाटलं. हरिसिंगचं पागोटं मागं सरकलं होतं. त्यानं जमनीचं मनगट घट्ट धरलं आणि फुटक्या आवाजात म्हणाला, "म्हन माय, म्हन. आता भोंगा नाई वाजत."

मग काय विचारता! सगळ्या बाया उठल्या. जी ती जिच्या तिच्या गळ्यात पडली. कुणी आईसाठी, कुणी गेलेल्या भावासाठी, कुणी कशासाठी कोण जाणे, पण सगळ्या तांड्यातल्या बाया सुरात रडल्या. बबिता एका म्हातारीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. मागचे पुरुष जमिनीकडं पाहत उभे होते. पत्र्याचा मुकुट घातलेले धम्मरत्न सर मधोमध तसेच थांबले आणि रोशन राजकन्येच्या ओढणीनं नाक पुसत होता. बादल रिकाम्या हातांनी उभा राहून रडला. आता त्याला कुणी पाहत नव्हतं आणि त्यालाही कुणी दिसत नव्हतं.

बऱ्याच वेळानं सगळं शांत झालं. नायकाच्या घरच्या सुखीबाईंनी डोळे पुसले, ओढणी सारखी केली आणि सरांकडं पाहून हुकूम सोडला, "हं, चालू द्या आता तुमचं. त्या पोरीले कुठं धाडता ते तं पाहू."

नाटक शेवटपर्यंत झालं. एकही बाई उठून गेली नाही.

सामान आवरताना सरांनी बादलच्या पाठीवर थाप मारली. "धाकटी तुझीच," म्हणाले. पलीकडं रोशन ओढणीची घडी घालत होता. त्यानं मान वर केली आणि हसून ओढणी बादलच्या हातात दिली. सरांना आणखी काही बोलायचं होतं, तेवढ्यात जमनी आली. रडून डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत.

"मास्तर, तुमच्या मंडळीत बाई काहून नाई?"

सरांनी ते नेहमीचं सांगितलं. इंग्रज नाटककार, त्याचा काळ, चारशे वर्षं.

"चारशे वर्सं झाले ना?" जमनी म्हणाली. "मंग पुरे की आता."

सर हसले आणि मुकुटाची तार सरळ करू लागले.

"सर, मले एक पाहिजे," बादल म्हणाला. "रडून झालं की मी थांबतो, तशी तिकडंही जागा ठेवा. तुमी घाई नाही करायची."

"तिकडं कोण देणार आहे उत्तर?"

"न देवो. जागा राहू द्या."

निघताना बादल बापाच्या पाया पडायला गेला. फेटिया उतरवला होता, पण गालावरचा रंग तसाच होता. हरिसिंग कितीतरी वेळ त्या रंगाकडं पाहत राहिला.

"तुमचा राजा बैताड हाय," तो म्हणाला. "पोरगी गळ्यात पडली अन् तोंड फिरवते!"

"हो बापू."

"जा तू. चांगला खेळ कर."

होळीच्या त्या दिवसापासून बापानं त्याच्या खेळाबद्दल काढलेले हे पहिले शब्द. बादल पायावर डोकं ठेवून जरा जास्तच वेळ राहिला.

उन्हाळ्यात मंडळी गेली. पोलंड झालं, रुमानिया झालं. लोक टाळ्या वाजवायचे, उभे राहायचे, फोटो काढायचे. पण त्या रडण्यानंतरच्या जागेत कुणी काही बोललं नाही. सरांनी शब्द पाळला. बादल थांबला की तेही थांबायचे.

इंग्लंडातल्या पहिल्या खेळाच्या दुसऱ्या दिवशी बादलनं जमनीला फोन लावला. तिकडं दुपार झाली होती. ती बापाकडंच आली होती. त्या रविवारनंतर ती वरचेवर यायची. मागून हरिसिंगच्या खोकण्याचा आवाज येत होता.

"आलं काय उत्तर?" तिनं पहिलंच विचारलं.

"नाई व बाई. पन काल एक झालं. पुढल्या रांगेत एक म्हातारी होती गोरी. मी थांबलो अन् ते उठून उभी राह्यली. हात असे पुढं केले. अख्खं थेटर पाहून राह्यलं होतं."

"मंग?"

"मंग इकडंतिकडं पाह्यलं, अन् बसली."

"बसली? बसू कायले देल्लं तिले?" जमनी एवढ्या मोठ्यानं ओरडली की बादलनं फोन कानापासून दूर धरला. "हात पुढं केलेली बाई तशीच ठेवली? जनाची नाई तं मनाची लाज! ते लाजली असन, तुले काय झालं होतं?"

"अव बाई, नाटक चालू होतं. स्टेज सोडून कसं..."

"मी तुह्या नाटकासाठी थांबली होती काय?"

बादल हॉटेलच्या खिडकीशी गेला. खाली रस्ता दिसत होता. एक म्हातारी पिशवी घेऊन सावकाश चालली होती. कालचीच असेल असं नाही, पण त्याला ती तीच वाटली.

"आज खेळ हाय ना?" जमनीनं विचारलं.

"हाय."

"पायऱ्या हायत काय खाली उतराले?"

"हायत. डाव्या अंगाले."

"मंग आज कोनी उभं राह्यलं तं उतरजो."

"उतरतो, बाई," बादल म्हणाला.